द्वारपालाचा नकार

भागवताच्या तृतीय स्कंधात सनकादिक कुमारांची जी कथा आली आहे, ती आपल्या देवळांतील सभामंडपात बसून पुराणिकबुवांच्या मुखाने आपण अनेकदा ऐकली असेल. ब्रह्मदेवाचे ते चार मानसपुत्र वयाने सृष्टीच्या आरंभाइतके वृद्ध आणि रूपाने पाच वर्षांची दिगंबर बालके. वैकुंठाची सहा द्वारे त्यांनी निर्वेधपणे ओलांडली. सातव्या द्वारी जय आणि विजय या दोघा द्वारपालांनी हातातील वेत आडवे घातले. पुढचा शाप आणि तीन जन्मांची हकिकत सर्वश्रुत आहे. पुराणिकबुवांचा भर बहुधा त्या शापावर असतो आणि श्रोत्यांची उत्सुकताही हिरण्यकशिपू व रावण यांच्याकडे धाव घेत असते. मला मात्र त्या कथेतील दुसरीच एक गोष्ट अधिक विचारणीय वाटत आली आहे. दाराशी घडलेला प्रकार कानी येताच भगवंत स्वतः पायी चालत तेथे आले आणि सेवकांच्या हातून झालेला अपराध आपलाच होय, असे त्यांनी त्या कुमारांना सांगितले. जय-विजयांनी नियम मोडला होता असे म्हणता येत नाही. अनोळखी, वस्त्रहीन, पोरवयाच्या अभ्यागतांना अडवावे, हे कोणत्याही द्वारपालास सुचले असते. त्यांनी बाह्य खूण पाहिली आणि खुणेवरून निवाडा केला. परंतु ज्याचे घर त्याची खूण आणि ज्याची खूण त्याचे उत्तरदायित्व, हा न्याय तेथे प्रत्यक्ष भगवंतांनीच मान्य केलेला दिसतो.

या कथेची आठवण मला ज्या विषयाने झाली तो विषय देवळातला नाही, संगणकातला आहे. आज बँकेचे व्यवहार, सरकारी दाखले, परीक्षांचे अर्ज, इतकेच काय, दूरच्या देवस्थानातील अभिषेकाची नोंदणीही संगणकाच्या जाळ्यातून होते. आणि त्या जाळ्यातील बहुतेक प्रत्येक घराच्या दाराशी एक अदृश्य द्वारपाल बसविलेला असतो. त्याला फिल्टर म्हणतात. आपण चाळणी म्हणू. येणाऱ्याचे नाव, कुळ, हेतू यांपैकी काहीही ती चाळणी विचारीत नाही. ती केवळ त्याचा पत्ता पाहते, आपल्यापाशी असलेल्या यादीशी ताडून पाहते आणि क्षणार्धात होकार किंवा नकार देते. अशी चाळणी बसविणे सोपे आहे. ती बरोबर चाळते की नाही हे तपासणे कष्टाचे आहे. हे तपासणे म्हणजे केवळ कारागिराची दक्षता, की ते दार बसविणाऱ्याचे नैतिक कर्तव्य, हा प्रश्न मला या लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम हा पत्ता म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या जाळ्यात प्रत्येक जोडणीला एक अंकमय पत्ता असतो; त्याला आयपी पत्ता असे नाव आहे. १९८१ साली निश्चित झालेल्या पद्धतीप्रमाणे हा पत्ता चार संख्यांचा असतो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. उदाहरणार्थ २०३.०.११३.७. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढी होते. आपल्या टपालाच्या पत्त्यात जसे तालुका, गाव, वाडा, घर असे उतरत जावे लागते, तसेच येथेही आहे. डावीकडील आकडे मोठ्या प्रदेशाचे, उजवीकडील आकडे घराचे. म्हणून चाळणीच्या यादीत एकेक घर लिहिण्याची गरज नसते. '२०३.०.११३ ने आरंभ होणारे सर्व' असे एका ओळीत लिहिले की २५६ पत्त्यांचा सगळा वाडा आत येतो किंवा सगळा वाडा बाहेर राहतो.

यादीतील ओळींना क्रम असतो, आणि तो क्रमच पुष्कळदा घात करतो. पुष्कळ चाळण्यांची रीत अशी की वरून खाली वाचीत जावे, जी ओळ प्रथम लागू पडेल ती मानावी आणि पुढचे वाचूच नये. 'पेडणे तालुक्यातील कोणासही सोडू नये' अशी ओळ आधी लिहिली आणि 'मांद्रे गावातील लोकांस सोडावे' अशी ओळ तिच्याखाली लिहिली, तर मांद्रेकर जन्मभर दाराशी उभा राहील. लिहिणाऱ्याने तर त्याला परवानगी दिलेली आहे! कागद पाहिला तर ती दिसतेही. परंतु द्वारपालाची दृष्टी तेथवर पोहोचतच नाही. यादीच्या तळाशी बहुधा एक न लिहिलेली ओळ असते, आणि ती म्हणते की वर ज्याचा उल्लेख नाही त्याला नकार. आम्हा वकिलांना अशा न लिहिलेल्या कलमांची भीती वाटते, कारण त्यांचा अर्थ लावून मागण्यासाठी त्यांच्याकडे बोट दाखविता येत नाही.

आता पत्ता म्हणजे मनुष्य नव्हे, ही गोष्ट गोमंतकीयाला समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वराचे मंदिर पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाले आणि ते लिंग मांडवीच्या पलीकडे, डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले. तेथे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालय उभे राहिले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली, तीही याच प्रकारे. देव तोच, भक्त तेच, पूजाविधीही तोच. नदीच्या एका तीरावर जे दंडनीय ते दुसऱ्या तीरावर वंदनीय. मधल्या पाण्यातून आज फेरीबोट काही मिनिटांत पार होते. तेवढ्या पाण्याने धर्माचा गुन्हा आणि गुन्ह्याचा धर्म होत असे, कारण सत्ताधीशाची चाळणी अंतःकरण पाहत नव्हती, तीर पाहत होती.

हे चारशे वर्षांपूर्वीचे झाले. १९५५ च्या १५ ऑगस्ट रोजी पेडणे महालाच्या वेशीवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हुतात्म्यांचे स्मारक तेथे उभे आहे. त्यानंतर सीमा बंद झाली आणि भारताने नाकेबंदी कठोर केली. राजकारणाच्या दृष्टीने त्या नाकेबंदीचे समर्थन करता येते, आणि मीही ते करीन. पण पेडण्याचे सोयरसंबंध बांद्याला आणि सावंतवाडीला. सीमेच्या अलीकडची माहेरवाशीण आणि पलीकडचे माहेर यांच्यामध्ये जी रेषा आली, ती त्या बाईला 'तू सालाझारची की स्वातंत्र्याची' असे विचारीत नव्हती. तिचे घर कोणत्या बाजूस एवढेच पाहत होती. १९६१ च्या १९ डिसेंबरनंतर ती रेषा पुसली गेली. ज्यांनी ती अनुभवली त्यांच्या नातवंडांनी आज संगणकावर तशाच रेषा आखण्याचा व्यवसाय पत्करला आहे, आणि त्यांत गैर काही नाही. मात्र रेषा आखताना आपल्या आजीची आठवण ठेवणे त्यांना परवडण्यासारखे आहे.

संगणकाच्या पत्त्याची गोष्ट तर टपालाच्या पत्त्यापेक्षाही नाजूक आहे. चार अब्जांहून अधिक वाटणारे पत्ते जगाला पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे गट वाटून झाले. तेव्हापासून दूरध्वनी-कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहकांना उभे करतात. त्यासाठी २०१२ साली पत्त्यांचा एक स्वतंत्र पट्टाही राखून ठेवण्यात आला. म्हणजे हरमलचा मासळीविक्रेता, साखळीचा विद्यार्थी आणि डिचोलीच्या बाजारातला एखादा उपद्व्यापी, हे तिघे एकमेकांस ओळखतही नसता बाहेरच्या जगास एकाच दारातून बाहेर पडताना दिसू शकतात. तिसऱ्याने कोठे आगळीक केली आणि कोण्या चाळणीने तो पत्ता काळ्या यादीत घातला, की पहिल्या दोघांसही नकार मिळतो. शिवाय पत्ते हात बदलतात. आज ज्या पत्त्यावर कोणी अपराधी आहे तो पत्ता चार महिन्यांनी एखाद्या शाळेच्या वाट्यास येतो. यादीतील ओळ मात्र तशीच राहते. आमच्या व्यवसायात असे प्रसंग नेहमी येतात. हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी न्यायालयाचा बेलिफ ऋणकोच्या दिलेल्या पत्त्यावर जातो, आणि तेथे सध्या राहत असलेल्या, त्या कर्जाशी सुतराम संबंध नसलेल्या कुटुंबाचे सामान जप्तीस निघते. पण त्या कुटुंबाला निदान दारावर आलेला बेलिफ दिसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशातील ५८ व्या नियमान्वये त्याला न्यायालयात येऊन, ही वस्तू माझी आहे, असे म्हणता येते आणि न्यायालयाला त्याचा निवाडा करावा लागतो.

मनुष्याऐवजी त्याच्या मुळावर बोट ठेवण्याची प्रवृत्ती कायद्यालाही अपरिचित नाही, हे कबूल केले पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याने पुढे जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या. स्वतंत्र भारताने तो १९५२ साली रद्द केला. रद्द करण्यास एक्याऐंशी वर्षे लागली, याचे एक कारण असे की तो कायदा राबविणाऱ्यांना तो यशस्वी होतो आहे असेच दिसत होते. जे अडविले गेले ते सारे अपराधी होते असे धरून चालले, की अडविलेल्यांची संख्या हीच यशाची संख्या होऊन बसते.

येथे मी मूळ मुद्द्याशी आलो. गेल्या वर्षी चवथीला माझा भाचा पुण्याहून आला होता. तो एका कंपनीत अशाच चाळण्या तपासण्याचे काम करतो. माटोळी बांधून झाल्यावर आम्ही पडवीत बसलो असता मी त्याला विचारले की हे तपासणे म्हणजे नेमके काय. तो म्हणाला, "मामा, चोर आत शिरतो का ते सगळेच बघतात. मालक आत शिरू शकतो का ते बघणारे थोडे." मी म्हटले, मालकाला अडविले तर तो ओरडेल की! तो हसून म्हणाला, "मालक ओरडेल. गिऱ्हाईक ओरडत नाही, ते निघून जाते."

त्याच्या या उत्तरात नीतिशास्त्राचा जो मुद्दा आहे तो मला ग्रंथांतून इतक्या स्पष्टपणे मिळाला नव्हता. द्वारपालाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. आत येऊ नये तो आत येतो, ही पहिली. आत यावा तो बाहेर राहतो, ही दुसरी. पहिल्या चुकीला आवाज आहे. चोरी होते, बोभाटा होतो, चौकशी बसते, द्वारपालाची नोकरी जाते. दुसऱ्या चुकीला आवाज नाही. ज्याला नकार मिळाला तो बाहेर आहे, आणि बाहेरच्याचे म्हणणे आत पोहोचविण्याचे जे साधन तेच त्याला नाकारलेले आहे. पुष्कळदा त्याला नकार मिळाला आहे हेही कळत नाही. काही चाळण्या स्पष्ट 'मनाई' असे कळवितात. काही मात्र आलेल्याची हाक गिळून टाकतात आणि काहीच उत्तर देत नाहीत. अर्ज भरणारी मुलगी समजते की जाळे मंद आहे, पाऊस आहे, वीज गेली असेल. ती पुन्हा प्रयत्न करते, मध्यरात्री करते, आणि मुदत संपते. तिच्या मनात कोणाविषयी रागही उत्पन्न होत नाही. अन्याय झालेल्याला रागाचे स्थळही सापडू नये, अशी ही व्यवस्था आहे.

ज्या चुकीला स्वतःचा आवाज नाही ती चूक शोधण्यास कोणीतरी मुद्दाम निघाले पाहिजे. तक्रार आली तर पाहू, हे धोरण पहिल्या चुकीपुरते चालते. दुसऱ्या चुकीच्या बाबतीत ते धोरण म्हणजे न पाहण्याचाच निश्चय होय. म्हणून चाळणीची परीक्षा हे मी केवळ कौशल्याचे काम मानीत नाही. ज्याने दार बसविले त्याने अधूनमधून स्वतः बाहेर जाऊन, परक्याच्या जागी उभे राहून, ते ठोठावून पाहिले पाहिजे. आणि हे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणास करताही येत नाही, कारण यादी त्याच्यापाशी आहे.

पहिल्या प्रकारची चूकही, म्हणजे चोर आत येण्याची, पुष्कळदा न तपासण्यातूनच होते हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. २०२१ साली उघडकीस आलेली एक गोष्ट फार बोधप्रद आहे. 'नेटमास्क' या नावाचे, असंख्य कार्यक्रमांत वापरलेले एक छोटे सॉफ्टवेअर पत्ता वाचून तो घरचा की बाहेरचा हे सांगत असे. संगणकाच्या जुन्या परंपरेत संख्येच्या आरंभी शून्य असले तर ती दहांच्या नव्हे, आठांच्या पाढ्याने वाचावयाची असते. त्या रीतीने ०१७७ म्हणजे एकशे सत्त्याहत्तर नव्हे. एक वेळा चौसष्ट, सात वेळा आठ आणि वर सात मिळून होतात १२७. आणि १२७ ने आरंभ होणारा पत्ता म्हणजे संगणकाचे स्वतःचेच अंतर्गृह. चाळणीने आरंभीचे शून्य टाकून देऊन १७७ वाचले आणि 'हा बाहेरचा पत्ता, तेथे जाण्यास हरकत नाही' असा दाखला दिला. तो दाखला घेऊन पुढच्या यंत्रणेने तेच अक्षर १२७ असे वाचले आणि घरातली कोठी उघडली. पायथॉन या प्रसिद्ध भाषेच्या मूळ संचातही त्याच वर्षी याच जातीचा दोष आढळला. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते, पण एकच लेख त्यांनी दोन रीतींनी वाचला. आमच्याकडे पोर्तुगीज दस्तऐवज आणि मोडी कागद यांवरून जमिनीचे जे दावे चालले, त्यांत या प्रकारच्या गमती पुष्कळ सापडतील. फरक इतकाच की तेथे दुभाषाला साक्षीला उभे करता येत असे.

दुसरा दोष याहून साधा आहे. जुने पत्ते अपुरे पडले म्हणून नवे, फार लांब पत्ते निघाले, आणि आज पुष्कळ घरांना दोन्ही प्रकारचे पत्ते असतात. मालक पुढच्या दाराला भक्कम चाळणी बसवितो आणि नव्या पद्धतीचे मागीलदार सताड उघडे राहते. आणखी एक प्रमाद असा की काही कार्यक्रम येणाऱ्याचा पत्ता येणाऱ्यानेच सोबत आणलेल्या चिठ्ठीवरून वाचतात. मध्यस्थ संगणकामार्फत आलेल्याचा मूळ पत्ता कळावा म्हणून ती चिठ्ठी योजलेली असते. परंतु मध्यस्थ विश्वासाचा आहे की नाही हे पाहिले नाही तर कोणीही हवा तो पत्ता लिहून आणू शकतो. रावण यतीच्या वेषात आला हे आपणांस माहीत असूनही भगवी वस्त्रे पाहून दार उघडण्याचा आपला स्वभाव काही गेलेला नाही. या साऱ्या दोषांवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे चाळणीला कृत्रिम अभ्यागत पाठवून पाहणे. पट्ट्यातील पहिला पत्ता, शेवटचा पत्ता, त्याच्या अगदी शेजारचा बाहेरचा पत्ता, विचित्र रीतीने लिहिलेला पत्ता, असे एकेक पाठवावे आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहावे. चुका बहुधा वेशीवर होतात. गावाच्या मध्यभागी राहणाऱ्याचे गाव कोणते याविषयी वाद सहसा होत नाही.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा एका यादीशी जन्मापासून संबंध आहे, आणि तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. १९३३ च्या ३० मार्च रोजी मंजूर झालेल्या पोर्तुगीज नियमावलीने गोमंतकातील देवस्थानांच्या महाजनांची नोंद ठेवण्याची रीत घालून दिली. ती नियमावली मुक्तीनंतरही लागू राहिली आणि तिच्याखालील देखरेख मामलतदारांकडे आली. महाजनांची ती वही म्हणजे एक चाळणीच होय. कोणास मत आहे, कोणास समितीवर येता येते, हे ती ठरविते. त्या वहीवरून किती भांडणे झाली आणि न्यायालयांचा किती वेळ गेला हे मला सांगावयास नको. तो सारा खटाटोप कंटाळवाणा आहे. तरीसुद्धा मी त्या वहीच्या बाजूने एक शब्द बोलू इच्छितो. तीत नावे आहेत, केवळ पत्ते नाहीत. ती पाहता येते. आपले नाव गळले असेल तर ते गळले आहे हे कळते, आणि ते घालून घेण्यासाठी कोणापुढे जावयाचे हेही कळते. उत्कृष्ट संगणकीय चाळणीतही पुष्कळदा या गोष्टी आढळत नाहीत.

यावर सुरक्षेची काळजी वाहणारे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही, की वकिलाला न्यायालयाची सवय असते, दाराची नसते. दाराशी दर सेकंदाला हजारो हाका येतात. प्रत्येकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकत बसलो तर घर लुटले जाईल. शिवाय नकाराचे कारण सांगितले की चोराला चाळणीची वीण कळते. ब्लॅकस्टोनने दहा अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला दंड होऊ नये असे सांगितले ते शिक्षेविषयी. आम्ही कोणास शिक्षा करीत नाही, केवळ सावधगिरी बाळगतो. बँकेने दहा सज्जनांना तासभर ताटकळत ठेवून एक दरोडेखोर टाळला तर तिला दोष देता येईल काय?

दोष देता येणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु शिक्षा आणि सावधगिरी हा भेद देणाऱ्याच्या मनात असतो. घेणाऱ्याच्या वाट्याला दोन्हींतही बंद दारच येते. तासभराचा खोळंबा आणि वर्षभराचा मज्जाव यांत भेद आहे. म्हणून नियमाला मुदत असावी. तो कोणी, कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेस लिहिला हे त्याच्या शेजारी नोंदलेले असावे, आणि कारण संपले की नियमही संपावा. चाळणीची वीण उघड करण्याची मागणी मी करीत नाही. 'आपणांस येथे प्रवेश नाकारण्यात आला आहे. चूक वाटल्यास अमुक ठिकाणी कळवावे' एवढे दोन ओळींचे उत्तर दिल्याने कोणत्या चोराला कोणते रहस्य कळते? संगणकाच्या जगातही ही जाणीव अगदीच नाही असे नाही. कायद्याच्या कारणाने एखादे पान रोखले असेल तर तसे स्पष्ट कळविण्यासाठी २०१६ साली ४५१ हा सांकेतिक क्रमांक मान्य झाला. ग्रंथ जाळणाऱ्या राज्याविषयीच्या एका सुप्रसिद्ध अमेरिकन कादंबरीच्या नावातून तो घेतलेला आहे.

आपल्या देशातील कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर उभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली सरकारला जाळ्यावरील मजकूर रोखता येतो. २००९ च्या नियमांत सुनावणीची तरतूद आहे, आणि त्याच नियमांत सारे गुप्त राखण्याचीही तरतूद आहे. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हे कलम वैध ठरविले, आणि तसे ठरविताना या सुनावणीच्या व कारणे नोंदण्याच्या तरतुदींवर भर दिला. पुढे अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते अनिश्चित काळासाठी असता कामा नयेत आणि त्यांचे ठरावीक मुदतीने पुनर्विलोकन झाले पाहिजे. हा निकाल सरकारच्या आदेशांविषयी आहे. एखाद्या खासगी कंपनीच्या चाळणीला तो लागू होत नाही, आणि सामान्य मनुष्याला दिवसभरात जे नकार मिळतात त्यांतील बहुतेक खासगी चाळण्यांचेच असतात. तेथे कायद्याचा हात अजून पोहोचलेला नाही, म्हणून तेवढी जागा तूर्त नीतीनेच भरून काढावयाची आहे. माझ्या मते सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या प्रसिद्धी, मुदत आणि पुनर्विलोकन या तिन्ही गोष्टी कोणत्याही लहानशा चाळणीलाही पाळता येण्याजोग्या आहेत.

आपल्याकडच्या काही देवस्थानांची आता संकेतस्थळे झाली आहेत. सेवांची नोंदणी, देणगी, धर्मशाळेतील खोली त्यांवरून मिळते. ती संकेतस्थळे सांभाळण्याचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते आणि त्रास नको म्हणून पुष्कळ कंत्राटदार परदेशचे पत्ते सरसकट रोखून ठेवतात. पत्त्यावरून देश ओळखण्याची विद्या अंदाजाची आहे, त्यामुळे कधी देशातला मनुष्यही परदेशी ठरतो. आखातात वा विलायतेत असलेल्या आपल्या कुळावींची त्यात काय गत होत असेल, हे समितीच्या सभेत कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विचारणारे दूर असतात. जत्रेच्या आधी महिनाभर दुबईतील एखाद्या भावाला आणि लंडनमधील एखाद्या भाचीला दूरध्वनी करून ते पान उघडते का, पैसे पोहोचतात का, एवढे विचारण्यास समितीच्या चिटणिसाला अर्धा तास लागेल. उघडत नसेल तर कंत्राटदाराला यादी दाखविण्यास सांगावे, कोणती ओळ कोणत्या तारखेस घातली ते विचारावे, आणि दुरुस्तीनंतर त्याच दोघांना पुन्हा दूरध्वनी करावा.